अणुभट्टीची मालिका आणि माझं लग्न

माझा साखरपुडा झाला आणि पुढच्याच मंगळवारी टीव्हीवर ती मालिका सुरू झाली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा मळा नाशिकच्या बाहेर, मखमलाबादच्या रस्त्याला. गुलाब, शेवंती, निशिगंध, मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर आणि विहिरीच्या कडेला घरापुरती वांगी. पहाटे सगळ्यांनी मिळून फुलं तोडायची आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्कूटरला करंड्या बांधून ती फुलबाजारात न्यायची. घरात आई, माझा मोठा भाऊ आणि अण्णांची थोरली बहीण. आत्या लग्नानंतर काही वर्षांतच विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. गोठ्यातल्या दोन म्हशी तिच्या. त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

मुलगा नांदगावचा होता. त्यांचं तिथल्या बाजारात कापडाचं छोटं दुकान. मुलगा डिप्लोमा झालेला, अणुवीज केंद्रात सरकारी नोकरी. या चार शब्दांतले शेवटचे दोनच आमच्या घराने ऐकले होते. क्वार्टर मिळतं, दवाखाना फुकट, समुद्रकाठची हवा. आई तर समुद्राच्या हवेवरच खूश होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे वळण मी बी.कॉम. होऊनही सुटलं नाही, म्हणून इथेही मी त्यांना 'हे' असंच म्हणणार. साखरपुड्यात यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "तुम्हाला मासे खायला जमतील का? तिकडे तेच जास्त मिळतं." आमच्या माळकरी घरात हा प्रश्न ऐकून आत्याने पुढे केलेली पेढ्याची ताटली मागे घेतली होती. मी "बघू" म्हणाले. मला तो माणूस आवडला होता.

मालिका परदेशातली होती, हिंदीत आवाज दिलेली. चहूकडे बर्फ, त्या बर्फातून चालणारी गोरी माणसं आणि तोंडात मात्र आपल्याकडच्या पौराणिक नाटकासारखी शुद्ध हिंदी. पहिल्या भागात एका तळ्याकाठचं गाव दाखवलं, त्या गावातला वीज कारखाना आणि तिथे काम करणारा एक तरुण. त्याचं नुकतंच लग्न झालेलं होतं. बायको शाळेत शिकवायची. तो रात्रपाळीला निघताना ती दारात उभी राहून त्याच्या गळ्यात मफलर गुंडाळते, एवढ्यावर तो भाग संपला.

"लय गुणाची पोर हाय," आत्या म्हणाली.

भाऊ मात्र टीव्हीजवळ सरकून बसला होता. "अगं, हे तर आपल्या दाजींचं काम!" तो ओरडला. "अणुभट्टी आहे ती. दाजीपण असेच बटणांसमोर बसत असतील."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी लाजले. पहिल्या मंगळवारी आमच्या घरात एवढंच झालं.

दुसऱ्या मंगळवारी कारखान्यात स्फोट झाला. स्फोट म्हणजे काय, तर भिंतीवरचे लाल दिवे एकामागून एक लागत गेले, माणसं धावली आणि मग पडदाभर पांढरा उजेड. त्या तरुणाने वरिष्ठाच्या सांगण्यावरून एक खटका ओढला होता, तो ओढायला नको होता, एवढं मला कळलं. तिसऱ्या भागात गावातून भोंगा लावलेली गाडी फिरायला लागली. खिडक्या लावून घ्या, भाजी धुऊनही खाऊ नका, गाईचं दूध पिऊ नका. मग एक म्हातारी दाखवली. ती गोठ्यात बसून धार काढते, बादली भरते, बाहेर येते आणि ती बादली गटारात उपडी करते. पुन्हा आत जाते, दुसऱ्या गाईखाली बसते.

आत्या उठून उभी राहिली. "दूध ओतलं?" तिने विचारलं. "का ओतलं? नासलं होतं का?"

भावाने तिला समजावायचा प्रयत्न केला की ते दिसत नाही, वास येत नाही, गवतातून गाईच्या पोटात जातं आणि तिथून दुधात. आत्याला ते पटलं नाही आणि पटलंही. दुसऱ्या दिवशी ती म्हशींच्या अंगावरून हात फिरवत नेहमीपेक्षा जास्त वेळ गोठ्यात बसून राहिली. बाहेर आली ती थेट आईसमोर. "वहिनी, आपली पोर आपण तिकडं देतोय का?"

"ते सिनेमातलं आहे हो," आई म्हणाली.

"सिनेमातलं असलं तरी दूध खरं हुतं," आत्या म्हणाली.

माझं म्हणाल, तर त्या आठवड्यापासून माझा कशातच जीव लागेना. मी गजरे ओवायला बसायची आणि फुलं वाकडीतिकडी यायची. सुई हातात असायची आणि मी कुंपणाकडे बघत असायची. रात्री उठून पाणी प्यायची, परत पडायची. मला त्या मास्तरीणबाईचं वाईट वाटायचं. मालिकेत ती आता दवाखान्याच्या दारात उभी होती आणि तिला कुणी आत सोडत नव्हतं. तिला नवऱ्याबद्दल काहीही कळत नव्हतं आणि मला माझ्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल मासे सोडून काहीही माहीत नव्हतं.

हे दर रविवारी आमच्या नाक्यावरच्या किराणा दुकानात फोन करायचे. दुकानदाराचा मुलगा हाक मारायला यायचा, मी धावत जायची आणि तेलाच्या डब्यांच्या मध्ये उभी राहून बोलायची. त्या रविवारी यांनी आपणहून विचारलं, "ती मालिका बघताय का तुम्ही?"

"बघतोय," मी म्हटलं.

"आम्हीपण. इथे कॉलनीच्या हॉलमध्ये सगळे मिळून बघतो."

मला पुढे खूप विचारायचं होतं. दुकानदार डाळ मोजता मोजता कान देऊन होता. मी म्हणाले, "थंडी आहे का तिकडे?" हे म्हणाले, "नाही, दमट आहे." मग फोन ठेवला.

पुढच्या भागाने अण्णांना गाठलं. अण्णा मालिका बघायचे नाहीत. ते पेपर वाचत बाजूला बसलेले असायचे. त्या दिवशी पडद्यावर कोबीचं शेत होतं. गड्डे चांगले भरलेले, काढणीला आलेले. आणि तोंडाला कापड बांधलेली माणसं ट्रॅक्टर घेऊन आली आणि उभं पीक त्यांनी नांगरून टाकलं. कोबी फुटत होते, मातीत गाडले जात होते. मग त्या मातीचाही वरचा थर खरवडून गाड्यांत भरला आणि गाड्या निघून गेल्या. शेताचा मालक बांधावर उभा. त्याला एक अधिकारी सांगत होता की आता इथे काही लावायचं नाही. त्याने विचारलं, कधीपर्यंत? अधिकारी पुढच्या शेताकडे निघाला.

अण्णांनी पेपर घडी करून ठेवला, टॉर्च घेतली आणि ते मळ्यात गेले. बराच वेळ टॉर्चचा उजेड शेवंतीच्या वाफ्यांतून फिरताना दिसत होता.

सकाळी ते आईला म्हणाले, "मी पाहुण्यांशी बोलतो."

आता हे बोलणं फार बिघडलं. अण्णा सरळ माणूस, गोड करून सांगणं त्यांना जमत नाही. त्यांनी नांदगावला फोन लावला आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं, "मुलाला दुसरीकडं नोकरी मिळण्यासारखी हाय का?" तिकडून सासरे भडकले. साखरपुड्याच्या वेळी नोकरी चालत होती, आता काय झालं? आमच्या पोराला काय रोग झालाय का? शंका असेल तर आत्ताच सांगा, अंगठी परत पाठवतो. अण्णा घरी आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

मग घरात दोन तट पडले. आत्या म्हणायची, सोयरीक मोडा, नाशकात काय पोरं नाहीत? आई म्हणायची, त्या पोराचं काय चुकलं? भाऊ कधी इकडे, कधी तिकडे. फुलबाजारातही बातमी गेली. अण्णांचं एक जुनं गिऱ्हाईक हार घेताना त्यांना म्हणालं, तिकडच्या माणसांना मुलं होत नाहीत म्हणे, झाली तर धड होत नाहीत. अण्णांनी हे आईला सांगितलं, आईने आत्याला आणि आत्याने मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला. मला कुणी काही विचारत नव्हतं. मी खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून विहिरीवर फिरत राहायची. आई एकदा वैतागून म्हणाली, "अगं, एका जागी बस की गं जरा!"

मी बसले आणि बसल्या बसल्या तोंडातून निघून गेलं, "मला तिकडे जाऊन बघायचंय."

आत्याने कपाळावर हात मारला. लग्नाआधी पोरगी नवऱ्याच्या गावी? लोक काय म्हणतील? पण अण्णा एकदम म्हणाले, "मी पण तेच म्हणतो. जाऊन बघू. ही पण येईल. जायचं हाय तर हिलाच हाय ना तिथं."

अण्णांनी यांच्याशी फोनवर बोलून घेतलं आणि आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. त्र्यंबक मागे पडलं तसा घाट सुरू झाला. हरसूलच्या फाट्याला एक कुटुंब चढलं, नवरा-बायको, दोन पोरं, भांड्यांचं बोचकं. भात निघाला की ही माणसं वीटभट्ट्यांवर कामाला जातात. बाई माझ्या शेजारी टेकली. तिने विचारलं, कुठं चालली? मी म्हटलं, वीज तयार होते तिकडे. तिने मान डोलावली, मांडीवरच्या पोराच्या तोंडात भाकरीचा तुकडा दिला आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. मला तिच्या झोपेचा हेवा वाटला. अण्णाही जागे होते. ते सगळा रस्ता बाहेरची शेतं बघत होते आणि मध्येच स्वतःशी बोलल्यासारखे म्हणत होते, "नागली चांगली हाय... इथं पाणी नाय..."

हे आम्हाला घ्यायला स्टँडवर आले होते. बुशशर्ट, चपला, हातात छत्री. ते अण्णांच्या पाया पडले आणि माझ्याकडे बघून फक्त हसले. कॉलनी म्हणजे पिवळ्या इमारतींच्या रांगा होत्या. मला वाटलं होतं की तिथे काहीतरी वेगळं जाणवेल, हवेत, झाडांत, माणसांच्या चेहऱ्यांत. दोरीवर चादरी वाळत होत्या. एक बाई गच्चीतून दुसरीला ओरडून सांगत होती की तुमच्या कुंडीचं पाणी आमच्या पापडांवर पडतंय. यांच्या एका मित्राच्या घरी आम्हाला जेवायला ठेवलं होतं. मित्राच्या बायकोने मुद्दाम शाकाहारी केलं होतं आणि ती तीन-तीनदा विचारत होती, वरण घट्ट झालं का?

जेवण झाल्यावर अण्णा म्हणाले, "इथली जमीन बघायची मला. शेती कोण करतं इथं?"

हे गोंधळले. त्यांनी अण्णांसाठी सगळी माहिती काढून ठेवली होती. किती सुरक्षितता असते, कुठल्या भिंती किती जाड असतात. अण्णांनी त्यातलं काही विचारलंच नाही. जवळच्या गावात चिकूच्या आणि मोगऱ्याच्या वाड्या आहेत म्हटल्यावर ते मित्राच्या सायकलवर मागे बसून निघून गेले. आम्हाला मागे ठेवून. मित्राची बायको म्हणाली, "तुम्ही समुद्राकडे फिरून या ना, मी माझ्या धाकट्या मुलीला बरोबर देते." पण तिची धाकटी झोपली होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो.

ओहोटी होती. समुद्र लांब गेला होता आणि काळी चिखलट वाळू उघडी पडली होती. उजव्या हाताला, खूप लांब, केंद्राच्या राखाडी इमारती दिसत होत्या. त्यातून धूर नाही, आवाज नाही. मी तिकडे बघायचं टाळत होते आणि माझी मान तिकडेच वळत होती.

"तुम्हाला भीती वाटते का?" मी विचारलं. हा आमच्यातला पहिला खरा प्रश्न.

यांनी छत्री वाळूत रोवली, परत काढली. "कामावर असताना नाही वाटत. मालिका बघताना वाटते."

मला हसू आलं. मग यांनी सांगितलं की पहिल्या दोन भागांना हॉलमध्ये सगळे हसत होते. एवढे लाल दिवे असे एकदम लागत नसतात, कुणी असा पळत सुटत नसतो, वगैरे. प्रत्येक जण चुका काढत होता. मग तो दुधाचा भाग आला. "त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळे गप्प घरी गेले. सकाळी दूधवाला आला, मी पातेलं धरलं आणि दुधाचा वास घेतला. वास येत नसतो हे मला माहीत आहे. तरी घेतला."

"आणि तो खटका?" मी म्हटलं. "त्याने तो ओढायला नको होता ना?"

"नको होता." त्यांनी छत्री पुन्हा वाळूत रोवली. "मी रोज झोपताना तेच धरून बसतो. साहेब मागे उभा आहे, ओरडतोय, तेव्हा मी काय केलं असतं? मला नाही सांगता येत. मी नसता ओढला असं म्हणावंसं वाटतं." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, ते मी तेव्हा पाहिलं. "माझ्या आईचापण निरोप आलाय. नोकरी सोड म्हणून. वडिलांना माहीत नाही. ते तुमच्या वडिलांवर चिडले, पण घरात आई रडतेय."

मला मुख्य विचारायचं होतं ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "लोक म्हणतात की इथे... पुढे... म्हणजे नंतर..." आणि माझा चेहरा तापला.

यांना समजलं. खिशातून त्यांनी एक छोटा चौकोनी बिल्ला काढून दाखवला. कामावर छातीला लावतात, अंगावर किती किरण पडले ते त्यातून मोजतात, ठरलेल्यापेक्षा जास्त झालं तर तिथे काम करू देत नाहीत. मग म्हणाले, "मी डॉक्टर नाही. मी शपथ घेऊन सांगू शकत नाही. आता शाळा सुटेल. चल, तूच बघ."

ते पहिल्यांदा मला 'तू' म्हणाले ते तेव्हा.

कॉलनीच्या शाळेच्या फाटकासमोर एका गुलमोहराखाली आम्ही उभे राहिलो. घंटा झाली आणि पोरं बाहेर फुटली. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, सुटलेल्या रिबिनी. एक मुलगा तुटलेली चप्पल हातात घेऊन लंगडी घालत होता. दोन मुली एकमेकींच्या वेण्या ओढत भांडत होत्या. मी एकेका पोराकडे बघत होते, त्यांच्या हातांकडे, पायांकडे, डोळ्यांकडे, आणि बघता बघता मला रडू यायला लागलं. एक लहानगी माझ्यासमोर थांबली आणि तिने यांना विचारलं, "काका, या कोण?" हे म्हणाले, "पाहुण्या." ती मला नीट न्याहाळून निघून गेली.

परत येताना यांनी सांगितलं, "तुला नको असेल तर सांग. मी वाईट वाटून घेणार नाही." चार पावलं गेल्यावर ते म्हणाले, "म्हणजे घेईन. पण सांग."

अण्णा दिवेलागणीला परतले. त्यांच्या पायांना लाल माती लागली होती, खिशात चिकू होते आणि ते फार रंगात होते. वाडीवाल्याशी त्यांची गट्टी जमली होती. त्यांनी त्याला विचारलं होतं, एवढ्या जवळ हे केंद्र, तुला काही त्रास? तो म्हणाला होता, त्रास नाही कसा? गडी मिळत नाहीत. सगळी पोरं तिथे कंत्राटाच्या कामाला जातात, मोगरा तोडायला कुणी येत नाही. आणि मुंबईचा व्यापारी भाव पाडतो. पुढचे दोन तास दोघांनी व्यापाऱ्यांना शिव्या दिल्या.

"माती बघितली," अण्णा मला म्हणाले. "मोगऱ्याला बरी हाय. पुढचं मला नाय समजत. मी काय शिकलेला नाय. तू ठरव."

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. उलट ओझं माझ्यावर आलं. परतीच्या एसटीत मी चिकू हातात धरून बसले होते, तो मऊ होऊन फुटला तरी मला कळलं नाही.

घरी आल्यावर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी उत्तर देत नव्हते. नांदगावहून दोनदा फोन येऊन गेला. मालिकेचे शेवटचे भाग चालू होते. कोर्ट उभं राहिलं होतं, त्या तरुणाला खुर्चीवर बसवून आणलं जायचं. त्याचे केस गेले होते. शेवटच्या भागात न्यायाधीश त्याला विचारतो, हुकूम कुणाचा होता? तो वरिष्ठाकडे बघतो आणि सांगतो, "इनका. पर हाथ मेरा था." मग बर्फ पडायला लागतो, त्या रिकाम्या गावावर, आणि पडद्यावर नावं सुरू होतात.

"संपलं?" आत्या म्हणाली. "मग त्या पोरीचं काय झालं?"

भाऊ टीव्ही बंद करायला उठला.

"मास्तरणीचं काय झालं ते कुठं दाखवलं? ती जगली का? त्याला भेटली का?" आत्या चिडली होती. नावं सरकत होती आणि ती त्या नावांनाच विचारत होती. भावाने टीव्ही बंद केला तरी ती तिथेच बसून राहिली.

मला त्या रात्री झोप लागली नाही. मालिकेवाल्यांना तिचं काही पडलं नव्हतं. ती दारात मफलर गुंडाळण्यापुरती होती आणि दवाखान्याबाहेर उभी राहण्यापुरती. पुढचं तिचं तिने बघावं. सकाळी फुलं तोडताना मी अण्णांना म्हटलं, "कळवा त्यांना. तारीख काढा."

"भ्या वाटत नाय?"

"वाटतं. पण तिथेच राहून वाटू दे. इथे बसून जास्त वाटतंय."

अण्णांनी करंडी उचलून स्कूटरला बांधली आणि ते बाजाराला गेले. दुसऱ्या दिवशी ते नांदगावला स्वतः जाऊन आले. सासऱ्यांशी काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, पण येताना पाहुण्यांनी दिलेला धोतरजोडा त्यांच्या हातात होता.

लग्न आमच्या मळ्यातच झालं. आत्या सगळ्या विधींना लांब उभी राहिली. निघताना तिने मला जवळ ओढून कानात सांगितलं, "तिकडचं दूध पिऊ नको." मी रोज प्यायची, पण तिला पत्रात कधी लिहिलं नाही.

कॉलनीत पहिलं वर्ष फार जड गेलं. भोंग्याची मला माहिती नव्हती असं नाही. यांनी सांगून ठेवलं होतं की अधूनमधून अपघाताचा सराव असतो. मला सातवा महिना होता. मी भाजी चिरत होते आणि भोंगा झाला. लांब, वर चढत जाणारा, मध्येच थांबून पुन्हा. हे कामावर होते. मी विळी तशीच टाकली, खिडक्या लावल्या, पोटावर दोन्ही हात धरले आणि खोलीच्या मध्यभागी उभी राहिले. मग खिडक्या उघडल्या. मग पुन्हा लावल्या. मला एवढंच आठवतं की मी मोठ्याने म्हणत होते, "ओढू नका, ओढू नका." शेजारची बाई दार वाजवत आली आणि म्हणाली, "अहो, सराव आहे. काल नोटीस लागली होती, वाचली नाही का?" तिने मला खाली बसवलं, चहा करून दिला. ती इतक्या सहजपणे चहात आलं किसत होती की मला तिचा रागच आला.

हे घरी आले तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांना शेजारणीकडून कळलं. रात्री ते म्हणाले, "मी बदलीचा अर्ज करू का? दुसऱ्या खात्यात?" मी म्हटलं, "तुम्हाला करायचाय?" "नाही," ते म्हणाले. "मला ते काम येतं." आम्ही दोघंही जागेच होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं.

बाळंतपणाला मी नाशिकला आले. मुलगी झाली. दवाखान्यात सगळ्यात आधी आत्या आत घुसली. नर्स नको म्हणत होती, तिने ऐकलं नाही. तिने दुपटं सोडलं आणि बाळाच्या हाताची बोटं एकेक करून मोजली, मग पायाची. कानांच्या मागे बघितलं, टाळूवर हात ठेवला, डोळ्यांपुढे बोट फिरवलं. बाळ ओरडून रडायला लागलं. आत्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मी पलंगावरून तिच्याकडे बघत होते, कारण तिने मोजेपर्यंत मी स्वतः मोजायचं धाडस केलं नव्हतं.

"सगळं जागच्या जागी हाय," आत्या म्हणाली. मग तिने पदर तोंडात धरला आणि भिंतीकडे वळली. तिची पाठ हलत होती. नर्सने मला विचारलं, "त्यांना काय झालं?" मी बाळाला जवळ घेतलं.

दोन वर्षांनी मुलगा झाला. तेव्हा आत्या नव्हती. बोटं मी स्वतः मोजली.

दोन हजार साल उलटलं तशी कॉलनी बदलली. घरोघरी फोन आले, मग खिशात आले. पोरं शाळेच्या बसला लटकून जायला लागली. यांच्या डोक्यावरचे केस वयाने गेले आणि मी त्याची चेष्टा केली, पण पहिले काही दिवस उशीवरचे केस उचलून उजेडात धरून बघत होते. भोंगा अजून होतो. आता मी नोटीस वाचते, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते आणि त्या दिवशी सकाळपासून कपाटं आवरायला काढते. मुलगी विचारते, "आई, तू आज एवढं काय आवरतेस?" मी म्हणते, "धूळ झाली."

पाळी सुटली की कामगारांची बस आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर थांबते. मी त्या वेळी ओट्याशी असते. तांदूळ धुतलेले असतात, कुकरमध्ये पाणी घातलेलं असतं, पण गॅस पेटवलेला नसतो. बसमधून एकेक जण उतरतो. कधी हे पहिले असतात, कधी मागे राहून ड्रायव्हरशी बोलत बसतात आणि बस रिकामी झाल्यासारखी वाटते. मग डबा हातात घेऊन हे उतरतात, वर आमच्या खिडकीकडे बघतात, आणि मी काडी ओढते.